जाड, घासलेल्या ग्रंज अक्षरांत मराठी लिहिताना या चुका टाळा

जानेवारीत गड्डा यात्रा उरकते न उरकते तोच सोलापुरात शिवजयंतीची कामं येऊ लागतात, मग 14 एप्रिल. फ्लेक्स, टी-शर्ट, स्टेजचा बॅकड्रॉप. मंडळांची मागणी साधारण ठरलेली असते: अक्षर जाड हवं, रांगडं हवं, भिंतीवरच्या जुन्या रंगासारखं घासलेलं हवं. मागणी रास्त आहे, अशा अक्षराला खरोखर जोर असतो. पण ग्रंजची, म्हणजे या घासलेल्या, ओरखडलेल्या शैलीची, नेहमीची रीत रोमन लिपीसाठी घडलेली आहे. तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं. आपला शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, म्हणून ओरखडे एकेका अक्षरावर न देता अख्ख्या शब्दावर द्यावे लागतात. बहुतेक अडचणी हे विसरल्यामुळेच येतात.

शिरोरेषेवर आंधळेपणाने ओरखडे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक डावीकडे शिरोरेषा तुटते की नाही यावर उभा आहे. ‘भ’ आणि ‘ध’ला तिथे छोटा वळसाही असतो, पण जाड वजनात तो दबतो आणि ओळखायची खूण म्हणून ती मोकळी जागाच उरते. नेमका तिथे ओरखडा पडला की ‘माने’ लांबून ‘भाने’ दिसतात. उलटंही होतं: शाई पसरल्यासारखा खडबडीत टेक्स्चर ती फट बुजवतो आणि ‘धर’चं ‘घर’ होतं. फलकावर आडनाव चुकलेलं कोणालाच चालत नाही.

अनुस्वाराचंही तसंच. टेक्स्चरने टिंब खाल्लं की ‘खंडोबा’चा ‘खडोबा’ होतो, आणि शिरोरेषेच्या वर एखादा शिंतोडा राहिला की ‘चादर’ची ‘चांदर’. चादरीच्या गावात हे फारच खटकतं. म्हणून टेक्स्चर लावल्यावर शिरोरेषेच्या वरची पट्टी झूम करून एकदा हाताने साफ करा. शिंतोडे हवेच असतील तर ते दांड्यांच्या पोटात आणि अक्षरांच्या खालच्या भागात टाका. तिथे भरपूर जागा असते आणि अर्थाला धक्का लागत नाही.

फलकावर शेजारी तेलुगू किंवा कन्नड ओळ असेल तर तिथेही तेवढीच काळजी घ्या. त्या दोन्ही लिप्यांत ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात खालच्या एका छोट्या रेघेचाच फरक असतो. ती ओळ वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नका.

फॉन्टमध्येच ओरखडे असतील तर

अशा फॉन्टमध्ये प्रत्येक ‘र’वर तोच ओरखडा त्याच जागी येतो. ‘सरकार’ लिहिलं की दोन्ही ‘र’ शिक्क्यासारखे सारखे दिसतात आणि जुनेपणाचा सगळा आव गळून पडतो. शिवाय दोन अक्षरांच्या सांध्यावर टेक्स्चर जुळत नाही, शिरोरेषेवर शिवण दिसते. माझं ठाम मत आहे की मराठीसाठी साधा जाड फॉन्ट घ्यावा आणि टेक्स्चर मास्कने, म्हणजे अक्षराचा हवा तेवढाच भाग झाकणाऱ्या थराने, वरून द्यावा. फोटोशॉपमध्ये लेयर मास्क, इलस्ट्रेटरमध्ये ओपॅसिटी मास्क. मजकूर बदलता येतो आणि ओरखडा शब्दभर सलग जातो.

फॉन्ट निवडताना पोकळ्या बघा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ सुंदर आहे, पण त्याच्या अक्षरांतल्या फटी आधीच केसाएवढ्या. ओरखडे दिले की तो लगदा होतो. ‘खंड’ किंवा ‘मुक्ता’चं सर्वात जाड वजन हा मार सहज सोसतं. ‘बलू’ही चालतो, फक्त त्याचा गोलवा रांगड्या विषयाला शोभतो का ते पाहा.

अक्षरंच तुटली तर

इंग्रजी ग्रंज फॉन्ट निवडून मराठी टाइप केलं आणि अक्षरं साधीच दिसली, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. सॉफ्टवेअरने गुपचूप दुसरा फॉन्ट लावलाय. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली किंवा जोडाक्षरं सुटली, तर जुन्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (त्याहून जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन). श्रीलिपीतला (युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर थेट युनिकोड फॉन्टमध्ये टाकू नका, आधी कन्व्हर्टरमधून काढा.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि आउटलाइन देण्याआधी कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्ह (आकारात रूपांतर) करून वेल्ड, म्हणजे एकसंध, करा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते.

छपाईला जाताना

ओरखड्यांचा आकार कामाप्रमाणे ठरतो. दहा बाय वीस फुटांच्या फ्लेक्सवर बारीक दाणा दिसतच नाही, तिथे ठळक, मोजकेच ओरखडे हवेत. व्हिजिटिंग कार्डवर तेच ओरखडे अक्षर गिळतात. टी-शर्ट छापायच्या स्क्रीनवर (जाळीवर) अगदी बारीक ठिपके एकतर जाळीतच हरवतात किंवा शाईने भरतात. विनाइल कटिंगला तर ग्रंज फाइल देऊच नये: प्लॉटर (कापणारं यंत्र) प्रत्येक ठिपका वेगळा कापतो आणि सोलणाऱ्याचा दिवस जातो. तिथे अक्षर सपाट ठेवा, फार तर दोन-चार मोठे तुकडे काढा.

मोठ्या कामाआधी फलकावरचं एक नाव खऱ्या मापात ए-फोर कागदांवर तुकड्यांत छापा, भिंतीला चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडून मजकूर माहीत नसलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्या. जिथे तो अडखळेल तिथला ओरखडा मास्कमध्ये पुसा, बाकीचे राहू द्या.