नवी आवृत्ती आणण्याआधी पॅच ब्रँचवर घ्या

सांगलीत विश्रामबागेत आम्ही तिघं-चौघं रविवारी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजवर काम करायला बसतो. नवीन आलेली पोरं हमखास एकाच ठिकाणी अडकतात. अपस्ट्रीमची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची, नवी आवृत्ती आणली, की जुने पॅच (मूळ कोडवर आपण केलेले बदल) लागतच नाहीत.

बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. जुन्या आवृत्तीवर असतानाच ‘जीबीपी पीक्यू इम्पोर्ट’ चालवा (जीबीपी म्हणजे git-buildpackage, गिटमधून डेबियन पॅकेज बनवायचं साधन). डेबियन/पॅचेस या फोल्डरमधला एकेक पॅच वेगळ्या पॅच-क्यू ब्रँचवर कमिट होऊन बसतो. मग मुख्य ब्रँचवर परत या, ‘जीबीपी इम्पोर्ट-ओरिग’ने नवा टारबॉल (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल) घ्या आणि ‘जीबीपी पीक्यू रिबेस’ करा, म्हणजे पॅच नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवले जातात. पॅच जुळला नाही, तर तो आता गिटचा नेहमीचा कॉन्फ्लिक्ट असतो. तो सोडवायची सगळी हत्यारं तुमच्या हातात असतात, क्विल्ट या पॅच लावायच्या साधनाने नाकारलेल्या तुकड्यांशी झटापट करावी लागत नाही. अपस्ट्रीमने जसाच्या तसा घेतलेला पॅच बहुधा रिबेसमध्येच गळून जातो. तो क्षण मला फार आवडतो, आपलं काम सगळ्यांचं झालेलं असतं.

शेवटी ‘जीबीपी पीक्यू एक्सपोर्ट’ने पॅच परत डेबियन/पॅचेसमध्ये लिहा. त्यानंतर डेबियन/पॅचेस कमिट करायला विसरू नका.

आधी इम्पोर्ट करायचं राहून गेलं असेल, तर आता ‘जीबीपी पीक्यू इम्पोर्ट’ला ‘--टाइम-मशीन=१०’ जोडा. जीबीपी एकेक कमिट मागे जात पॅच लागेल ती जागा शोधतं. पॅच-क्यू ब्रँच मात्र सर्व्हरवर पुश करू नका, ती कामापुरती असते.

आणि पॅच अपस्ट्रीमला पाठवलात का? कमिट संदेशात ‘फॉरवर्डेड’ ही ओळ आजच लिहा.