स्विचवर व्हीलॅन करायचे आहेत? कन्सोल उघडण्याआधी हे हाताशी ठेवा

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं. खालच्या कमांड सिस्कोच्या स्विचच्या आहेत. पहिली गोष्ट पोर्टचा तक्ता. पोर्ट क्रमांक, पलीकडे काय लागलंय, त्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आणि ते कुठल्या व्हीलॅनमध्ये जाणार, एवढे चार रकाने पुरतात. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशिनं वेगळ्या रंगात लिहा. त्यांना बहुतेक वेळा हाताने आयपी दिलेला असतो. सबनेट (त्या नेटवर्कची आयपींची रेंज) बदललं की ती मुकाट्याने बंद पडतात.

व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ मधून निवडायचे, कारण फ्रेमवर (डेटाच्या तुकड्यावर) लागणाऱ्या टॅगमध्ये त्यासाठी १२ बिटच आहेत आणि ० व ४०९५ राखीव. सिस्कोवर १००२ ते १००५ सुद्धा अडलेले असतात. व्हीलॅन १ स्विचवर मुळातच असतो, त्यात काहीही ठेवू नका. दहा-दहाच्या अंतराने क्रमांक द्या आणि सबनेटचा तिसरा आकडा तोच ठेवा (व्हीलॅन २० ला १०.०.२०.०/२४), पुढे शोधाशोध वाचते.

कॉन्फिगचा बॅकअप घ्याच, पण व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट फाइलमध्ये असते, तीही कॉपी करा. दुसरीकडून आणलेला जुना स्विच तर ही फाइल पुसून, व्हीटीपी (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप वाटणारी सोय) ट्रान्स्परंट मोडमध्ये टाकूनच जोडावा. डोमेन आणि पासवर्ड जुळला आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक (यादी किती वेळा बदलली तो आकडा) जास्त निघाला, तर तो बाकी सगळ्या स्विचांची यादी आपल्या यादीने बदलून टाकतो.

लांबून काम असेल तर आधी 'रीलोड इन १५' द्या, म्हणजे १५ मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल. चुकून बाहेर अडकलात तर स्विच आधी सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. पुसलेला व्हीलॅन मात्र यात परत येईलच असं नाही; ती यादी लगेच फ्लॅशमध्ये लिहिली जाते.

आता ट्रंक, म्हणजे दोन स्विचांमधली अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी, कारण घात इथेच होतो. चालू ट्रंकवर व्हीलॅन ३० वाढवायचा असेल तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ॲड ३०'. त्यातला 'ॲड' राहिला की ट्रंकवर फक्त ३० उरतो आणि तुमचं मॅनेजमेंट सेशनही जातं. कमांड आधी नोटपॅडमध्ये लिहून तिथूनच चिकटवा. नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा) दोन्ही टोकांना ९९९ असा न वापरलेला ठेवा, लांबचा स्विच आधी बदला. मोकळे पोर्ट ९९८ मध्ये टाकून शटडाउन करा. त्यांना ९९९ देऊ नका. ॲक्सेस पोर्ट (यंत्र जोडायचा, एकाच व्हीलॅनचा) नेटिव्हमध्येच असला की दुहेरी टॅग लावून पलीकडच्या व्हीलॅनमध्ये फ्रेम ढकलता येते.

ॲक्सेस पोर्टवर हे चार लावा: मोड ॲक्सेस, नॉननेगोशिएट (ट्रंक व्हायची बोलणी बंद), पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू), बीपीडीयू गार्ड (पलीकडे स्विच लावला तर पोर्ट बंद). पोर्ट सिक्युरिटीत (एका पोर्टवर किती मॅक चालतील ती मर्यादा) कमाल मॅक १ ठेवला आणि त्या टेबलावर आयपी फोन व त्यामागे संगणक असला, तर पोर्ट एरर-डिसेबल (आपोआप बंद) होणारच. तिथे ३ ठेवा.

डीएचसीपी स्नूपिंग खोट्या सर्व्हरला आयपी वाटू देत नाही. त्यात क्रम चुकवू नका: आधी खऱ्या सर्व्हरकडे जाणारी अपलिंक ट्रस्ट, मग स्नूपिंग चालू. उलट केलं आणि ट्रस्ट राहून गेला तरी लगेच काही दिसत नाही, कारण जुनी लीज (मिळालेल्या आयपीची मुदत) चालू असते. ती संपत जाते तशा तक्रारी येतात आणि तोवर बदल कोणाच्या लक्षात नसतो. ट्रस्ट बरोबर असूनही आयपी मिळत नसेल तर ऑप्शन ८२ (स्विच आयपीच्या विनंतीला जोडतो ती पोर्टची माहिती) बंद करून बघा. एआरपी इन्स्पेक्शन (दुसऱ्याचा आयपी आपला सांगणारी खोटी उत्तरं अडवणारी तपासणी) एक पूर्ण लीज गेल्यावर, बाइंडिंगचा (कुठल्या मॅकला कुठला आयपी मिळाला त्याचा) तक्ता भरला की लावा. वेगळ्या रंगातली ती मशिनं त्या तक्त्यात कधीच येत नाहीत, त्यांच्यासाठी एआरपी एसीएल (कोणाला परवानगी त्याची यादी) आधीच लिहून ठेवा.

व्हीलॅन वेगळे केले तरी राउटिंग (एका सबनेटमधून दुसऱ्यात डेटा पाठवणं) चालू असेल तर ते एकमेकांशी बोलतातच, तेव्हा एसीएल लागणारच. स्विचवर लॉगिनसाठी फक्त एसएसएच (एन्क्रिप्टेड जोडणी), तेही मॅनेजमेंट सबनेटमधूनच.

शेवटी 'शो इंटरफेसेस ट्रंक'. क्रमांक अलाऊडमध्ये आहे पण ॲक्टिव्हमध्ये नाही, म्हणजे बहुतेक त्या स्विचवर व्हीलॅन बनवायचाच राहिलाय. सगळं जुळलं की आधी सेव्ह, मग 'रीलोड कॅन्सल'.