ओट्सच्या पिठाचं भजं होतंय? या चुका टाळा

ओट्सच्या पिठाचा पहिला केक मी मैद्याच्या मापानेच केला. जितके कप मैदा, तितकेच कप ओट्सचं पीठ. ओव्हनमध्ये टम्म फुगला, बाहेर काढताच मधोमध बसला. कापला तर आत गिच्च गोळा. दोष ओव्हनला दिला, पण तो बिचारा निर्दोष होता.

गव्हाच्या पिठात ग्लूटेन या प्रथिनाची लवचिक जाळी तयार होते आणि ती हवा धरून ठेवते. ओट्समध्ये ती नसतेच, त्यामुळे कितीही मळा, उपयोग नाही. यीस्टच्या पावात एकूण पिठाचा पाव हिस्सा ओट्सचा ठेवा, फार तर एक तृतीयांश. पॅनकेक, कुकीज यांना मात्र फारसं फुगायचं नसतं, तिथे सगळं पीठ ओट्सचं चालतं.

आणि कपाने मोजणं सोडाच. गव्हाचं कपभर पीठ साधारण 120 ग्रॅम भरतं, ओट्सचं 90 ते 100. शिवाय दाबून भरलं की आकडा बदलतो. वजनकाटा काढा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पाण्याचा. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतुमय घटक पाणी शोषतो खरा, पण सावकाश. कालवलेलं मिश्रण सुरुवातीला पातळ दिसतं, आपण घाबरून वर आणखी पीठ टाकतो, आणि भाजून निघतो तो दगड. हात आवरा. मिश्रण 15-20 मिनिटं झाकून ठेवा, मग ठरवा. बेकिंग सोडा घालायचा असेल तर तो या विश्रांतीनंतर. भाजल्यावरही घाई नको. गरम असताना कापलेला तुकडा आतून चिकट लागतोच, पूर्ण गार झाला की तोच नीट कापला जातो.

घरी दळताना मिक्सर थांबून थांबून फिरवा आणि पीठ चाळा. चाळणीत उरलेले कण पुन्हा दळा, नाहीतर कुकी दाताखाली कचकचते.

पीठ कडवट लागतंय? ओट्समध्ये तेल गव्हापेक्षा बरंच जास्त. दाणा फुटला की त्यातलं लायपेज हे एन्झाइम त्या तेलावर काम सुरू करतं. चपटे ओट्स वाफवलेले असतात, त्यामुळे ते एन्झाइम बहुतेक निष्क्रिय झालेलं असतं. वाफ न दिलेले अख्खे दाणे दळलेत तर पीठ लगेच वापरा. बाकीचं हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये. खवट वास आला की टाकून द्या, साखर घालून तो लपत नाही.

लापशीत गुठळ्या होत असतील तर पीठ उकळत्या पाण्यात टाकणं बंद करा. आधी थंड पाण्यात कालवा, मग ढवळत शिजवा.

सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या माणसासाठी करत असाल तर साधं पाकीट चालणार नाही. शेतात, गिरणीत ओट्समध्ये गहू, बार्ली सहज मिसळतात. ग्लूटेनमुक्त असं छापलेलंच घ्या, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.