वस्तीत कूलर दुरुस्तीचा वर्ग: होळीच्या आधी असा सुरू करा

नागपुरात होळी झाली की गच्चीवरचे कूलर खाली उतरतात आणि मिस्त्री मिळेनासे होतात. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा बंद कूलर म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या लेकरांच्या जिवाला घोर. वस्तीतल्याच ८-१० पोरापोरींना हे काम शिकवलं तर त्यांना हंगामाची कमाई होते, आणि शॉक व डेंग्यूचा धोका सगळ्या वस्तीचा कमी होतो.

वर्ग फेब्रुवारीत सुरू करा. एप्रिलमध्ये शिकवायला चांगला मिस्त्री मोकळा नसतो. ६ रविवार, दर वेळी ३ तास. शिकवायला एक मुरलेला कूलर मिस्त्री आणि एक परवानाधारक वायरमन हवा. बिघडलेले ४ कूलर वस्तीतूनच मागून आणा. दोघांत मिळून टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. सगळ्यांत मिळून एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजायचं यंत्र. मुलींना आवर्जून घ्या. दुपारी कूलरमध्ये पाणी भरणारी बहुतेक घरांत बाईच असते, आणि घरी एकटी असताना मुलीला दुरुस्तीला बोलावणं तिला सोपं जातं.

पहिल्या रविवारी एकच नियम पक्का करा: प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग चुकलेलं असेल तर बटण न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, बसलेलं असतं. पंखा थांबतो, पण फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार, मोटरपर्यंत येतच राहते.

मग अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. यावर पूर्ण दोन रविवार द्या, कारण जीव इथेच जातात. टू-पिन प्लग लावून हिरवी वायर कापून टाकलेले कूलर घरोघरी सापडतात. तीन तारांची केबल, थ्री-पिन प्लग, आणि हिरवी वायर पत्र्याला बोल्टने घट्ट. त्या जागेचा रंग आधी खरवडा, नाहीतर वायर लागलेली दिसते पण जोड होत नाही. प्लग बाहेर ठेवून जाड पिन आणि पत्रा यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. रोध शून्याच्या जवळ यायला हवा. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग मात्र वायरमननेच तपासायचं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) हाही त्यानेच बसवायचा. शिकाऊ पोरांनी घराच्या वायरिंगला हात लावायचा नाही.

बिघाड ओळखणं पुढे सोपं आहे. प्लग काढून पातं हाताने फिरवून पाहा. जड फिरलं तर बुश किंवा बेअरिंग गेलं. मोकळं फिरतं, पण चालू केल्यावर मोटर नुसती गुणगुणते, तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा भाग, गेला. नवा घेताना जुन्यावर छापलेलेच मायक्रोफॅरड आणि व्होल्ट पाहा. पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही तेव्हा जाळी आणि आतली चक्री उघडा. बोअरच्या पाण्याचा क्षार किंवा ताटीचं (कूलरच्या बाजूंना लावलेल्या जाळीतलं) गवत अडकलेलं असतं. पंपाची वायर तडकली असेल तर टेप गुंडाळू नका, पंपच बदला. पाण्यातला जोड हमखास दगा देतो.

शिकून झाल्यावर प्रत्येक जोडीला २० घरं वाटून द्या: प्लग, अर्थ, पंपाची वायर पाहायची आणि टाकीची सवय लावायची. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या बाजू ब्रशने घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून टाकून उपयोग नाही. पावसाळ्यात कूलर बंद पडून राहतात, तेव्हा ही फेरी जास्त गरजेची.

तपासणी फुकट ठेवा, दुरुस्ती नाही. मजुरीचा दर फलकावर लिहा, सामानाचं बिल वेगळं द्या, आणि मजुरीतला थोडा हिस्सा अवजारांसाठी राखून ठेवा. फुकट कामाला पोरं मेपर्यंत टिकत नाहीत.

ज्यांचा हात बसला, त्यांचे दाखले उन्हाळ्यातच जमवा. दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात आणि जातीच्या दाखल्यासाठी धावाधाव करण्यात बरीच मुलं मागे पडतात. इलेक्ट्रिशियनचा कोर्स २ वर्षांचा. दहावीत अडकलेल्यांनाही वायरमनसारखे काही ट्रेड खुले असतात, हे त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना सांगा.