स्ट्रासबुर्गला आलात? पहिल्या मोकळ्या दिवशी कॅथेड्रलपाशी जा

पॅरिसहून तेजेव्हे (TGV) या वेगवान आगगाडीने पावणेदोन तासांत तुम्ही स्ट्रासबुर्गला उतराल. उतरताना एक गोष्ट कदाचित लक्षात येणार नाही. फ्रान्सभर आगगाड्या डाव्या रुळावरून धावतात, पण इथे आल्सासमध्ये त्या उजव्या रुळावरून धावतात. १८७१ मध्ये हा प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा गाड्यांची बाजू बदलली. पुढे प्रांत फ्रान्सकडे परत आला, पण गाड्यांची बाजू पुन्हा कुणी बदलली नाही.

मला इथे येऊन चौदा वर्षं झाली. दर सप्टेंबरला नवीन मुलंमुली फोन करतात. खोली कुठे बघू, बँक कोणती, तूरडाळ कुठे मिळते, हेच विचारायचं असतं. ते सगळं मी सांगतेच. पण त्याआधी सांगते की पहिल्या मोकळ्या दिवशी कॅथेड्रलपाशी जाऊन या. इथल्या रोजच्या व्यवहारात असे कितीतरी नियम आहेत, ज्यांचं कारण खिडकीपलीकडचा कर्मचारी सांगत नाही. ते इतिहास कळला की आपोआप कळतं.

ट्रामने ग्रां रूला उतरा आणि चालत गुटेनबर्ग चौकात या. मुद्रणकलेचा हा जनक मूळचा माइन्त्सचा, पण १४३४ पासून दहाएक वर्षं तो इथे राहिला. छपाईचे पहिले प्रयोग त्याने इथेच केले. म्हणजे तोही आपल्यासारखा बाहेरगावाहून आलेला. चौकातून र्यू मेर्सिएर या अरुंद गल्लीत शिरा. दोन्ही बाजूंच्या उंच घरांच्या फटीतून गल्लीच्या टोकाला कॅथेड्रलचा दर्शनी भाग दिसतो. दर दोन पावलांनी तो मोठा होत जातो. इतक्या वर्षांनंतरही तिथे माझी चाल मंदावते.

दगड वोज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म आहे. पाऊस पडून गेला की त्याचा रंग इतका गडद होतो की मला आमच्या रत्नागिरीकडच्या ओल्या जांभ्याची आठवण होते. बांधकामाची सुरुवात १०१५ ची. आज उभी आहे ती इमारत ११७६ च्या आगीनंतरची, आणि मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला. उंची १४२ मीटर. १६४७ ते १८७४ या काळात ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. दुसरा मनोरा कुठे गेला, असं प्रत्येक जण विचारतो. तो कधी बांधलाच गेला नाही. ६६ मीटरवरच्या गच्चीपर्यंत तीनशेहून जास्त पायऱ्या चढून जाता येतं. १७७० मध्ये इथे शिकायला आलेला तरुण जर्मन कवी गटे उंचीची भीती घालवण्यासाठी मुद्दाम वर चढत असे. हवा स्वच्छ असेल तर वरून एका बाजूला वोजच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला जर्मनीतलं काळं अरण्य (ब्लॅक फॉरेस्ट) दिसतं. तुम्ही कुठे राहायला आला आहात, ते नकाशापेक्षा तिथून नीट कळतं.

आत दक्षिण बाजूला खगोलीय घड्याळ आहे. त्यासाठी आधी तिकीट काढून जा आणि घाई करू नका. कपाट सोळाव्या शतकातलं आहे, आतली यंत्रणा श्विल्गे या इथल्याच कारागिराने १८३८ ते १८४२ मध्ये बसवली. दर पाव तासाला बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि म्हातारपण यांतली एकेक आकृती मृत्यूसमोरून सरकते. दुपारी साडेबाराला बारा शिष्य ख्रिस्तासमोरून जातात आणि वरचा कोंबडा तीनदा आरवतो. बारा शिष्यांचा खेळ साडेबाराला का, तर घड्याळ स्ट्रासबुर्गच्या जुन्या स्थानिक वेळेवर चालतं, आणि त्या वेळेनुसार तेव्हा दुपारचे बारा वाजतात. आपल्या मुंबईनेही १९५५ पर्यंत स्वतःची वेळ जपली होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. या घड्याळात आणखी एक यंत्र आहे. दर वर्षअखेरीला मध्यरात्री ते स्वतःच फिरतं आणि पुढच्या वर्षीचा ईस्टर कोणत्या तारखेला येतो, हे काढून ठेवतं. विजेचा, संगणकाचा काही संबंध नाही, सगळी फक्त दातेरी चाकं. अभियांत्रिकी शिकायला आला असाल तर इथेच तुमचा पहिला तास समजा.

राज्यक्रांतीच्या काळात दर्शनी भागावरचे दोनशेहून जास्त पुतळे फोडले गेले. इतरांपेक्षा उंच असणं म्हणजे समतेचा भंग, तेव्हा मनोराच पाडा, अशी मागणी झाली. गावकऱ्यांनी १७९४ मध्ये मनोऱ्याच्या टोकावर पत्र्याची भलीमोठी लाल क्रांतिटोपी चढवली आणि मनोरा वाचवला. नंतर ती टोपी शहराच्या ग्रंथालयात ठेवली गेली. ऑगस्ट १८७० मध्ये प्रशियाच्या तोफांनी ते ग्रंथालय जाळलं. बाराव्या शतकातलं एका मठाध्यक्षिणीचं सचित्र हस्तलिखित 'होर्तुस देलिसियारुम' त्यात राख झालं, टोपीही गेली.

दोन राज्यांत सापडलेल्या माणसांचं कसं झालं, हे सांगायला क्नाउथ हे एक नाव पुरे आहे. जमिनीखालचं पाणी खाली गेल्यामुळे पायातले लाकडी खुंट कुजले होते आणि मनोऱ्याचा भार पेलणारा खांब खचत होता. योहान क्नाउथ या स्थापत्यकाराने तो भार उचलून खाली काँक्रीटचा पाया घालण्याची योजना केली आणि काम सुरूही केलं. मध्येच महायुद्ध झालं, शहर फ्रान्सचं झालं. क्नाउथ जर्मन होता, त्याला शहर सोडावं लागलं. १९२६ मध्ये काम पूर्ण झालं तेव्हा तो हयात नव्हता. आज मनोरा त्याच्या पायावर उभा आहे.

माझ्या पहिल्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्या सांगायच्या, आमच्या आजीने गाव कधी सोडलं नाही, पण देश चारदा बदलला. १८७१ मध्ये जर्मनी, १९१८ मध्ये फ्रान्स, १९४० मध्ये नाझी जर्मनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये परत फ्रान्स. नाझींच्या त्या काळात आल्सास आणि शेजारच्या मोझेलमधल्या सुमारे १,३०,००० तरुणांना बळजबरीने जर्मन सैन्यात घातलं गेलं. इथे त्यांना 'माल्ग्रे-नू' म्हणतात, म्हणजे 'आमच्या इच्छेविरुद्ध गेलेले'. रेप्युब्लिक चौकातलं, पहिल्या महायुद्धानंतर १९३६ मध्ये उभारलेलं युद्धस्मारक जरूर बघा. एका आईच्या कुशीत मरणासन्न दोन मुलगे आहेत, दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली फक्त 'आमच्या मृतांना' एवढंच कोरलंय. फ्रान्समधल्या बहुतेक स्मारकांवर 'फ्रान्ससाठी' असं असतं, इथे ते लिहिता आलं नाही. म्हणून नवीन ओळखीच्या आल्सासी माणसाला 'तुम्ही मूळचे जर्मन का?' असं सहज म्हणूनही विचारू नका.

आता हे तुमच्या रोजच्या जगण्यात कुठे येतं ते बघा. जर्मन काळातले काही कायदे इथे 'स्थानिक कायदा' म्हणून अजून लागू आहेत. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन सुट्ट्या पॅरिसच्या मित्रांना नाहीत, तुम्हाला आहेत. नोकरी लागली की पगाराच्या चिठ्ठीवर आरोग्य विम्याची एक जास्तीची कपात दिसेल, घाबरू नका. तिच्या बदल्यात डॉक्टरच्या ठरावीक दराचे साधारण ९० टक्के परत मिळतात, बाकी फ्रान्समध्ये ७० टक्के मिळतात. रविवारी दुकानं बंद असतात आणि नियम इथे जास्त कडक आहे, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.

गणपतीसाठी मंडळ स्थापन करायचं मनात असेल तर हे आधीच समजून घ्या. उरलेल्या फ्रान्समध्ये दोन माणसं मिळून संस्था काढू शकतात आणि नोंदणी प्रिफेक्चर या सरकारी कार्यालयात होते. इथे किमान सात संस्थापक लागतात आणि नोंदणी न्यायालयात होते. आम्ही हे माहीत नसताना चुकीच्या कार्यालयात कागद दिले आणि दोन महिने वाया घालवले.

डी ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते, २०१७ पासून. साबण, शाम्पू, घरगुती सामान तिकडे स्वस्त पडतं म्हणून सगळेच जातात. पण पासपोर्ट आणि निवास परवाना कायम खिशात ठेवा, पुलावर पोलीस तपासतात. फ्रान्सच्या परवान्यावर तिकडे फिरता येतं, नोकरी करता येत नाही.

पेटिट फ्रान्समधली लाकडी सांगाड्याची घरं, चामडं कमावणाऱ्यांची जुनी वस्ती, झाकलेले पूल (ज्यांवर आता छप्पर नाही), हे पर्यटकांबरोबर तुम्ही बघालच. तिथे तार्त फ्लांबे (मलई-कांदा पसरून भाजलेली पातळ रोटी) खायला बसलात तर शाकाहारी लोकांनी 'सां लार्दों' असं स्पष्ट सांगावं, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात.

कॅथेड्रलजवळ खोली मिळाली तर रात्री दहाच्या सुमारास एक घंटा ऐकू येईल. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती फार गोड वाटली होती. नंतर कळलं की १४ फेब्रुवारी १३४९ रोजी इथल्या ज्यू लोकांना जिवंत जाळण्यात आलं. पुढे कित्येक शतकं, थेट राज्यक्रांतीपर्यंत, त्यांना शहरात रात्री थांबायला मनाई होती. संध्याकाळी बाहेर पडण्याचा इशारा मनोऱ्यावरून दिला जात असे, आणि रात्रीच्या त्या घंटेलाही तोच अर्थ होता. आजही ती रोज वाजते, आणि मला ती आता तशी गोड लागत नाही.