नागपुरात नव्याने आलात? पहिला दिवस बर्डीला द्या

नागपुरात बदलून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर कोणत्या भागात पाहावे? मी स्वतः १९९८ साली साताऱ्याहून नोकरीतील बदलीमुळे येथे आले, आणि तीन वर्षांसाठी म्हणून आणलेले सामान आजही येथेच आहे. त्यामुळे ओळखीतून ओळख काढून लोक मला फोन करतात. त्यांना मी सांगते की घराचे नंतर पाहू. आधी एक पूर्ण दिवस सीताबर्डीला, म्हणजे येथल्या बोलीत बर्डीला, द्या, आणि तोही पायी. हे शहर त्या गर्दीच्या भागापासून उलगडत जाते, आणि तो भाग ज्याला कळला नाही तो पाच वर्षे राहूनही फोनमधल्या नकाशावरच अवलंबून राहतो.

याचे कारण येथील पत्ता सांगण्याच्या रीतीत आहे. साताऱ्यात आम्ही पेठ सांगतो, फार तर नाका सांगतो. नागपुरात चौक सांगतात. ऑटोवाल्याला रस्त्याचे नाव सांगितले तर तो तुमच्याकडे नुसता पाहत राहील, पण शंकरनगर चौक, अजनी चौक, इंदोरा चौक, अग्रसेन चौक असे काही म्हटले की मीटरकडे किंवा, बहुतेक वेळा, भाड्याकडे वळेल. मेट्रोच्या कितीतरी स्थानकांनाही चौकांचीच नावे दिलेली आहेत. नव्या माणसाची अडचण होते ती दोन नावांच्या चौकांमुळे. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीजवळचा आरबीआय चौक म्हणजेच संविधान चौक. एकाच वाक्यात ही दोन्ही नावे वापरणारे लोक तुम्हाला भेटतील आणि आपण दोन नावे घेतली हे त्यांच्या लक्षातही येणार नाही.

त्याहून मोठी गफलत ‘बर्डी’ या शब्दात आहे, कारण ते एका चौकाचे नाव नाही. मी आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात कार्यालयातील एका ज्येष्ठ बाईंनी ‘रविवारी बर्डीवर भेटू, कुकर घेऊन देते’ असे सांगितले. मी व्हेरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्याजवळ पाऊण तास मे महिन्याच्या उन्हात उभी राहिले आणि त्या तेवढाच वेळ मुंजे चौकात उभ्या होत्या. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हते. सोमवारी दोघीही एकमेकींवर रुसलेल्या होत्या, आणि कुकर मी मधल्या काळात एकटीनेच, बराच महाग, घेऊन टाकला होता. तेव्हापासून मी कोणालाही ‘बर्डीवर’ एवढ्यावर सोडत नाही: व्हेरायटी की मुंजे, झाशी राणी की मोरभवन, हे आधी ठरवावे. मोरभवन म्हणजे शहर बसचे मोठे ठिकाण. लांबच्या एसटी गाड्यांचे मुख्य बसस्थानक गणेशपेठेत आहे आणि या दोहोंत गल्लत करून गाडी चुकवलेले पाहुणे माझ्या घरी मुक्कामाला राहिलेले आहेत.

आता चालायला लागू. मेट्रोने आलात तर मुंजे चौकातील सीताबर्डी इंटरचेंजला उतरा. खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मार्गिका आणि लोकमान्यनगरकडून प्रजापतीनगरकडे जाणारी मार्गिका या एकाच स्थानकात एकमेकींना छेदतात. २०१९ च्या मार्चमध्ये पहिली गाडी सुरू झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात चारही दिशा जोडल्या गेल्या. त्याआधी आम्ही हेच अंतर शेअर ऑटोत चौथ्या माणसाच्या मांडीवर पिशवी ठेवून कापत होतो. तेथून व्हेरायटी चौक पायी अंतरावर आहे. या चौकातून मेन रोड बाजारातून लोहापुलाच्या दिशेने जातो, आणि दुसऱ्या बाजूला महाराजबाग आहे. पहिल्या दिवशी मेन रोडवर काहीही विकत घेऊ नये असा माझा सल्ला आहे. फेरीवाले, दुकानदार आणि दुचाकी यांच्यातून वाट काढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते चालत जावे, मोदी नंबर एक, दोन, तीन अशी नावे असलेल्या गल्ल्यांत डोकावावे आणि कोणती वस्तू कोठे मिळते हे मनात नोंदवून परत यावे. दुसऱ्या फेरीत भाव निम्म्याने कळतात.

हा भाग शहराच्या मध्यावर कसा आला हे समजून घेतले तर दिशा आपोआप लक्षात राहतात. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी हे जुने नागपूर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी वसवलेले आणि पुढे भोसल्यांनी वाढवलेले. वारांची ही नावे ऐकून सातारकराला आपल्या पेठांची आठवण येते. रुळांच्या पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ हा नंतरचा पसारा आहे. या दोन नागपुरांच्या सांध्यावर सीताबर्डीची टेकडी उभी आहे. याच टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेची आणि ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली, भोसले हरले, आणि त्यानंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो सर्वसामान्यांसाठी उघडला जातो. एरवी गेलात तर फाटकावरून परत यावे लागते, जसे मी साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना घेऊन आले होते. त्या दिवशी त्यांचे समाधान टेकडीच्या पायथ्याच्या गणपतीने केले. ‘टेकडीचा गणपती’ हे नागपूरकरांचे दैवत आहे; नवी गाडी, नवी नोकरी, बारावीचा निकाल, सगळ्याची वर्दी तेथे दिली जाते, आणि अंगारकीला त्या रस्त्याने ऑटो नेण्याचा विचारही करू नये.

येथून जवळच झिरो माइल आहे. चार घोड्यांच्या शिल्पांमुळे तो लगेच ओळखू येतो. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेल्या या दगडी खांबावर मैलांत अंतरे कोरलेली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. नवे पाहुणे येथे छायाचित्र काढतात आणि निघून जातात. मी मात्र प्रत्येकाला ती अंतरे वाचायला लावते, कारण त्यात पुणे आणि मुंबई नाहीत. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, येथील घराघरांत जबलपूर, छिंदवाडा, रायपूर येथील नातेवाईक असतात आणि बाजारात हिंदी सहज का बोलली जाते याचे उत्तर त्या खांबावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातून आलेली माणसे यावर नाक मुरडतात. मीही मुरडले होते. आपण मराठीत सुरुवात करावी, समोरचा बहुधा मराठीतच उत्तर देतो.

ते मराठी मात्र तुमचे नसेल, याची तयारी ठेवा. पहिल्याच महिन्यात बर्डीवरच्या एका भाजीवाल्या बाईंकडे मी कोथिंबीर मागितली. त्या म्हणाल्या, ‘सांबार घ्या नं ताई, ताजा आहे.’ मी म्हटले की सांबार मी घरी करीन, मला कोथिंबीर द्या. त्यांनी टोपलीतली हिरवी जुडी उचलून सरळ माझ्या नाकासमोर धरली आणि विचारले, ‘मग हे काय हाय?’ विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि म्हणूनच कोथिंबिरीचे भरपूर सारण भरलेली पुडाची वडी येथे सांबारवडी म्हणूनही मिळते. पातेल्याला गंज म्हणतात. ‘काऊन’ म्हणजे का. ‘मी येऊन राहिलो’ याचा अर्थ येऊन मुक्काम केला असा नसून मी येतो आहे, वाटेत आहे, एवढाच आहे. प्लंबरने फोनवर हे वाक्य म्हटले तर निश्चिंत व्हावे, निदान अर्धा तास तरी. ऑटोवाल्याला, दुकानदाराला ‘भाऊ’ म्हणावे.

सकाळी लवकर निघालात तर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाऊन घ्या. पोह्यांवर हरभऱ्याची तिखट, तेलाचा तवंग असलेली तर्री ओततात. प्रथमच खाणाऱ्याने ‘तर्री कमी’ असे सांगण्यात काहीही कमीपणा नाही. संत्र्यांबाबत एक गोष्ट माहीत असावी: आंबिया बहराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाजारात येतात आणि मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. जूनमध्ये येऊन नागपुरी संत्री मागणाऱ्या पाहुण्याला बर्फीवर समाधान मानावे लागते.

बर्डीचे वेळापत्रक ऋतूंप्रमाणे बदलते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून नेत्यांत झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराने या शहराला मिळालेली ही गोष्ट आहे. त्या दिवसांत यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट किंवा टेकडी रोड येथे पोलीस ते अडवतात. शहराच्या मध्यभागातून दुपारी दवाखान्यात किंवा स्टेशनवर जायचे असेल तर सकाळचे वर्तमानपत्र पाहूनच निघावे. पण एखाद्या दिवशी मुद्दाम थांबून हे मोर्चे पाहावेत, असेही मी सांगेन. गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतच्या अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतमजूर आपापल्या मागण्या घेऊन एकाच रस्त्यावर बसलेले असतात आणि माझ्या गावाकडची बोली मला नागपुरात सर्वांत जास्त तेथेच ऐकू येते.

दसऱ्याला गर्दी वेगळी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्या स्मृतीसाठी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. पांढऱ्या वेशातील कुटुंबे दूरदूरच्या गावांहून आलेली असतात, अनेक जण स्टेशनवर उतरून बर्डीवरून चालत जातात, आणि वाटेवर जागोजागी भोजनदान चालू असते. वाहन घरी ठेवून दीक्षाभूमीवर पायी जावे आणि तेथील पुस्तकांच्या दुकानांसाठी पिशवी रिकामी न्यावी.

उन्हाळ्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी एक ते चार या वेळेत हाच गजबजलेला भाग ओस पडतो. अलीकडे सिग्नलपाशी थांबणाऱ्यांच्या डोक्यावर हिरव्या जाळ्या बांधतात आणि भर दुपारी काही सिग्नल बंदच ठेवतात. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय, पाणी प्यायल्याशिवाय बाहेर पडू नये. बाजाराची कामे सकाळी दहापूर्वी किंवा दिवे लागल्यावर करावीत.

आणि आता घराचा प्रश्न. बर्डीचा दिवस झाला असेल तर तो अर्धा सुटलेला असतो: ज्या चौकाजवळून मेट्रोने किंवा एका बसने बर्डीवर येता येते, तो भाग पहिल्या वर्षासाठी पुरे. घरमालकाला चौकाचे नाव विचारा. घर सकाळच्या गारव्यात पाहू नका, दुपारी दोन वाजता पाहा, वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅबखाली दहा मिनिटे उभे राहा, आणि कूलर कोणत्या खिडकीला लागतो व त्यात पाणी कोठून भरायचे, हे ठरल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.