आउटलुकची फाईल फुगली? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

तुर्भे, वाशी, बेलापूर पट्ट्यात न्हावा-शेवाची कामं करणारी क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं आहेत. तिथे एका कंटेनरमागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग यांचे स्कॅन येतात. तेच मेल लाइनर (जहाज कंपनी), ट्रान्सपोर्टर आणि पार्टीला फॉरवर्ड होतात, म्हणजे तीच पीडीएफ इनबॉक्समध्ये एकदा आणि सेंट आयटम्समध्ये तीनदा. वर्षानुवर्षं हे चाललं की आउटलुक ज्या फाईलमध्ये हे सगळे मेल साठवतं, ती 50 जीबीला टेकते. आउटलुक 2010 पासून पुढच्या आवृत्त्यांची ही ठरलेली मर्यादा आहे. 2003 आणि 2007 मध्ये ती 20 जीबी होती आणि त्याआधीच्या जुन्या फाईलींना तर 2 जीबीच. हार्ड डिस्कवर कितीही जागा मोकळी असो, मर्यादा गाठली की नवा मेल आत येत नाही. मग ऑफिसात जो तो हाताला लागेल ते डिलीट करत सुटतो.

थांबा. आधी फाईल कुठल्या जातीची आहे ते बघा. फाईल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाईल्स असं गेलात की नाव दिसेल. शेवट ओएसटी असेल तर मूळ मेल सर्व्हरवर आहेत आणि तुमच्याकडे त्यांची नक्कल आहे. पीएसटी असून खातं पॉपचं (मेल संगणकावर उतरवून घेणारं) असेल, तर बहुतेक वेळा तीच एकमेव प्रत. पॉपमध्ये मेल उतरवून घेतल्यावर ठराविक दिवसांनी सर्व्हरवरून पुसले जातात; किती दिवसांनी, ते तुमच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. आमच्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे घोळ हा फरक माहीत नसल्यामुळे होतात. नक्कल वाचवायला कुणी दिवसभर रिपेअर चालवत बसतो, तर कुणी एकमेव प्रत जुना कचरा समजून उडवतो.

ओएसटी असेल तर फार डोकं लावू नका. आउटबॉक्समध्ये अडकलेलं काही नाही ना, आणि 'या संगणकापुरते' असं लिहिलेले फोल्डर नाहीत ना, ते बघा, कारण तेवढं सर्व्हरवर नसतं. मग आउटलुक बंद करून फाईलचं नाव बदला आणि परत उघडा. नवी फाईल आपोआप तयार होईल. कंपनीचं एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट 365 चं खातं असेल तर ऑफलाइन किती काळाचे मेल ठेवायचे ती पट्टी एका वर्षावर आणा. जुने मेल सर्व्हरवर शाबूत राहतात.

पीएसटीचं दुखणं मोठं. पहिली चूक म्हणजे हजारो मेल डिलीट करून फाईलचा आकार बघायला जाणं. आकार तेवढाच दिसतो आणि माणूस घाबरून आणखी उडवतो. मेल आधी डिलीटेड आयटम्समध्ये पडून राहतात. ते रिकामं केल्यावरही फाईलमध्ये नुसती पोकळी उरते. ती काढायला डेटा फाईल्समध्ये फाईल निवडून सेटिंग्जमधलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' दाबावं लागतं. मोठ्या फाईलला तासन्‌तास लागतात, म्हणून ते ऑफिस सुटताना लावा. काढायचेच असतील तर आधी आकारानुसार क्रम लावा. दहा-पंधरा एमबीचे मेल वर येतात आणि थोडक्यात बरीच जागा सुटते.

फाईल उघडतच नसेल तर स्कॅनपीएसटी हे मायक्रोसॉफ्टचंच दुरुस्तीचं साधन ऑफिसच्या फोल्डरमध्ये असतं. मूळ फाईलवर ते कधीही चालवू नका. आउटलुक पूर्ण बंद करा, फाईलची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करा. चुका सापडेनाशा होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. सुटे झालेले मेल 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये सापडतात, तेव्हा ते फोल्डर बघायला विसरू नका. दरम्यान मशीन झोपू देऊ नका. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात दुरुस्ती अर्ध्यावर असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली होती. कॉपीवर काम चालू होतं म्हणून निभावलं.

कॉपी काढतानाही एक गंमत होते. पेन ड्राईव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या वरची एक फाईल त्यावर जातच नाही, मग ड्राईव्ह 128 जीबीचा का असेना. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. चालू पीएसटी वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये किंवा लॅनवरच्या शेअर्ड ड्राईव्हवर ठेवू नका. दोघांनी एकच फाईल लॅनवरून उघडण्याची युक्ती स्वस्तातली वाटते, पण फाईल बिघडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

फाईलची 50 जीबीची मर्यादा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधून) वाढवता येते आणि ती वाढवून देणारे लगेच भेटतात. अडलेलं काम सोडवायला एखाद्या दिवसापुरतं ठीक. कायमचं करू नका, कारण 80 जीबीची फाईल बिघडली की दुरुस्तीही तेवढीच लांबते.

त्यापेक्षा आर्थिक वर्षानुसार वेगळी पीएसटी करा, एप्रिल ते मार्च. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने आणि कंपनीचे हिशेब आठ आर्थिक वर्षं ठेवावे लागतात, तेव्हा जुने मेल फेकायचा प्रश्नच नाही. मेल एकदम ओढू नका, एकेक महिना हलवा. ऑटोआर्काइव्हवर, म्हणजे जुने मेल आपोआप वेगळ्या फाईलमध्ये हलवणाऱ्या आउटलुकच्या सोयीवर, सोडणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते मेल आल्याची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख यांतली अलीकडची धरतं. जुनी फाईल नव्या मशीनवर इम्पोर्ट केलेली असेल तर 2015 चा मेलही त्याला कालचा वाटू शकतो, आणि 'काहीच हललं नाही' म्हणून फोन येतो. अशा वेळी तारखेनुसार क्रम लावून हातानेच हलवा, नव्या फाईलमधले दोन-चार मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा, मग जुनी फाईल कॉम्पॅक्टला लावा.